तिसरं नको

आमच्या रत्नागिरीकडच्या माणसाला काही विचारायचं तर तीनदा विचारावं लागतं. दारात आलेल्याला चहा विचारा, तो म्हणणार, नको, आत्ताच घेतला. हे पहिलं नको नुसतं रीतीचं. विचारल्याबरोबर हो म्हणणारा तो हावरट, असं आईने लहानपणीच कानात घातलेलं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की तो भिडेने पुन्हा नको म्हणतो, पण आधण ठेवलंय का ते मान वाकडी करून बघून घेतो. तिसऱ्यांदा विचारलंत की एवढं म्हणताय तर अर्धा कप, असं म्हणून भरला कप पितो. तिसऱ्यांदाही नको म्हणाला, तरच ते खरं नको. मग पुन्हा विचारू नये, तो अपमान होतो. दोन्ही बाजूंना ही रीत ठाऊक असली की सगळं सुरळीत चालतं. एका बाजूला ठाऊक नसली तर काय होतं, ते विमला पांचाळला विचारा. पण तिला आता काही विचारू नका.

विमला भाट्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या सुतारवाडीतली. बापाला मुलगा नव्हता, म्हणून दहाव्या वर्षी त्याने पोरीच्या हातात लाकूड तासायचा वाकस दिला. वाडी म्हणाली, आता ही पायावर मारून घेईल आणि लग्नाची राहील. तिने पायावर मारून घेतलं नाही, आणि लग्नही वाडीतच, दोन घरं टाकून झालं. नवरा धोंडू मुंबईला छापखान्यात. शिमग्याला आणि गणपतीला यायचा, नारळ-तांदूळ घेऊन परत जायचा, आणि एका वर्षी काविळीने तिकडेच संपला. पदरात नितेश आणि घरात सासू. विमला बापाचं दुकान चालवायला लागली. दारं, खिडक्या, पाट, पाळणे. बाई सुतारकाम करते म्हणून गिऱ्हाईक आधी हसायचं, मग दार बसवल्यावर ते उघडून-मिटून बघायचं आणि गप्प व्हायचं.

उरल्या लाकडातून ती माणसं कोरायची. देव नाहीत, माणसं. कोयतीने कालवं फोडणारी सासू यमुनाबाई. उंबऱ्यावर बसून विडीचं थोटूक सांभाळणारा म्हातारा. डोक्यावर पाटी घेऊन मान सरळ ठेवायची सवय झालेली आणि पाटी उतरवल्यावरही मान तशीच राहिलेली मासेवाली. वाडी त्यांना 'विमलाच्या भावल्या' म्हणायची. पोरं खेळून त्यांचे हातपाय मोडायची आणि चुलीत सारायची. विमलालाही त्यात फार काही वाटायचं नाही, कारण ते काही काम असतं असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

लाकूड मात्र ती बापाच्या पद्धतीनेच तयार करायची. फणसाचा ओंडका जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधून खाडीच्या चिखलात बुडवायचा आणि तीन पावसाळे विसरून जायचं. लाकडाला आधी खाडीचं पाणी पोटभर पिऊ दे, मग त्याला कीड शिवत नाही, असं बाप म्हणायचा. तीन वर्षांनी काढलेला ओंडका काळाकुट्ट आणि घाणेरडा दिसतो. वरची साल तासली की आत हळदीसारखा पिवळा.

काशीराम मयेकर आले ते खिडक्यांसाठी. आगबोटीवर चीफ इंजिनियर म्हणून सगळा जन्म समुद्रावर काढलेला माणूस. बायको गेली, मुलगी दर्शना डोंबिवलीत वाढली, तिथेच लग्न होऊन राहिली, आणि हे निवृत्त होऊन भाट्याला घर बांधून एकटे राहिले. विमलाच्या पडवीत मापं सांगताना त्यांची नजर दारामागे गेली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून विमलाने तिथे यमुनाबाई लावून ठेवली होती. मयेकर उकिडवे बसले आणि पाऊण तास खिडक्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांनी ती देणार का, असं विचारलं. विमला म्हणाली, नको हो, ते काय, दाराला लावायचं लाकूड आहे. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती लाजून हसली. तिसऱ्यांदा विचारलं आणि यमुनाबाई भाट्याला गेली. मयेकर इथलेच होते. त्यांना रीत पक्की ठाऊक होती.

पुढच्या अठ्ठावीस वर्षांत विमलाने जे जे कोरलं ते सगळं त्या घरात गेलं. एकूण त्रेचाळीस माणसं. समुद्राकडच्या मोठ्या खोलीत मयेकरांनी ती भिंतीच्या कडेने उभी केली, बसवली. विमला त्यांचे डोळे शेवटी उघडायची. काम भाट्याला पोचवलं की त्याच खोलीत बसून बारीक पटाशीने दोन्ही डोळे कोरायची, आणि त्या वेळी मयेकर खोलीबाहेर उभे राहायचे. संध्याकाळी त्या खोलीत ते समई लावायचे, प्रत्येकापुढे एकेक जास्वंद ठेवायचे. विमलाला ते बघून हसू आवरेना. ती म्हणाली, "साहेब, ही माझी सासू हो. तिला जिवंतपणी कधी कोणी फूल दिलान नाही."

"म्हणूनच," मयेकर म्हणाले.

आणि वर्षातून एक दिवस तेलाचा. दसरा झाला, पावसाची ओल ओसरली की विमला उंडीचं कडू तेल बाटलीत भरून भाट्याला जायची आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत सगळ्या जणांना हाताने तेल चोळायची. कोणाची पाठ कुठे खडबडीत आहे, कोणाच्या कानामागे गाठ राहिली आहे, हे तिच्या बोटांना पाठ होतं. मयेकर खुर्ची टाकून बसायचे, माळी केरू चहा आणून द्यायचा. त्या दिवशी विमला कोणाची सून नसायची, कोणाची आई नसायची. घरी परतताना तिच्या हातांना त्या तेलाचा उग्र वास यायचा आणि दोन दिवस ती हात साबणाने धुवायची नाही.

मयेकर चांगले होते. पण चांगला माणूससुद्धा धनावरच्या नागासारखा बसू शकतो, हे सांगितलंच पाहिजे. ती खोली त्यांनी कोणाला दाखवली नाही. एकदा मुंबईच्या चित्रशाळेतले कोणी मास्तर ओळखीतून घरी आले, खोलीत गेले आणि बाहेर आले ते विमलाचा पत्ता मागत. मयेकरांनी पत्ता दिला नाही. पण बहुधा मनाला टोचलं असावं, कारण पुढच्या तेलाच्या दिवशी त्यांनी विचारलं, मुंबईत मांडू या का एकदा, तुझं नाव लावून? विमला म्हणाली, नको साहेब, मी काय तिथे उभी राहणार. निघताना त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नको म्हणाली, आणि घरी येऊन तिने लग्नातलं रेशमी पातळ पेटीतून काढून वाऱ्यावर टाकलं. ते आठवडाभर वाळत होतं.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. यमुनाबाई नेताना तीनदा विचारणारा माणूस इथे मात्र दोनदाच विचारून थांबला. विमलाने पातळ घडी घालून ठेवून दिलं आणि त्यांना दोष दिला नाही. तिच्या वाटचा दोष आपणच द्यायला हवा.

मग हात गेले. आधी सकाळी बोटं मिटेनात, मग दुपारीही. सांधे सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे झाले. गेल्या चार वर्षांत तिच्याने पटाशी धरवली नाही. त्याआधी बुडवलेला एक ओंडका अजून खाडीच्या चिखलात आहे. त्याचे तीन पावसाळे कधीच झाले, पण काढून करायचं काय? तिला तेव्हा पहिल्यांदा उमगलं, की आता चव्वेचाळिसावं माणूस होणार नाही. जे आहे ते त्या खोलीत. तिच्या घरात स्वतःच्या हातचं एक बोटभर लाकूड नव्हतं. कशावर नाव नव्हतं, कारण सुतार दारावर नाव घालत नाही. फोटो कोणी काढला नव्हता. बासष्ट वर्षं ती जगली याला साक्षीदार ते त्रेचाळीस जण, आणि बासष्टपैकी जेमतेम एक महिना, तोही एकेका दिवसाने, ती त्यांच्यात बसली होती.

मयेकर वर्षभर आजारी होते. मुंबईला इस्पितळात असल्यामुळे मागचा तेलाचा दिवस झालाच नाही. यंदा श्रावणात ते गेले. विमला तेराव्यानंतर भेटायला गेली. दर्शना रडून रडून थकली होती. तिने विमलाला हाताला धरून त्या खोलीत नेलं. खोली बंद राहिलेली, कुबट वास येत होता. तीन-चार जणांना भेगा पडल्या होत्या. यमुनाबाईच्या खांद्यापासून कमरेपर्यंत बोट जाईल एवढी भेग होती.  भेगेत भुसा आणि डिंक भरून तेल पाजलं तर ती मिटते, हे विमलाला माहीत होतं, आणि तेवढं तर ती या हातांनीही करू शकली असती.

तेव्हा दर्शनाने विचारलं. अगदी मनापासून विचारलं, यात शंका नाही. "काकू, हे सगळं तुमच्या हातचं ना? तुम्हाला न्यायचं असेल तर खुशाल न्या. एक न्या, सगळी न्या."

विमलाचा हात यमुनाबाईच्या भेगेवर गेला. आणि बासष्ट वर्षांच्या सवयीने तिचं तोंड आपोआप बोललं, "नको गो बाय. दिलेलं परत कोण नेतं?"

"बरं," दर्शना म्हणाली, आणि तिने चहा मागवला.

विमलाने चहा शक्य तेवढा सावकाश प्यायला. उठताना वेळ लावला, चपला घालताना वेळ लावला. पायऱ्या उतरली आणि मागून दर्शनाने हाक मारली, काकू. ती वळली. दर्शनाच्या हातात तिची विसरलेली छत्री होती.

तरी तिने आशा सोडली नाही. तेलाच्या दिवशी जायचंच आहे, तेव्हा पोरगी पुन्हा विचारेल, नाही तर त्याच्या पुढच्या वेळी. तोवर तिने पडवी रिकामी केली. शेजारची गंगुबाई मदतीला आली, दोघींनी जुन्या फळ्या लावून भिंतीच्या कडेने बैठकी केल्या. नितेशचा विरारहून फोन आला तेव्हा तो म्हणाला, आई, त्या भावल्या ठेवून काय करणार, पावसाचं पडवीत पाणी येतं. तिने पुढच्या अंगाला ताडपत्री बांधून घेतली. आपण होऊन दर्शनाला फोन करावा, असं गंगुबाईने सुचवलं. विमला म्हणाली, मागून घेतलं तर ती भीक झाली. आपल्या हातचं आपण भीक म्हणून कसं घ्यायचं? भांडी घासताना ती दुसऱ्या नकारानंतर काय बोलायचं ते मनात घोळवत होती. एवढं म्हणतेस तर नेते, असं म्हणायचं तिने ठरवलं होतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन भाट्याला गेली. फाटकाशी केरू होता. एरवी बाटली हातातून घेणारा केरू, त्या दिवशी माडाच्या आळ्यात वाकला तो वर बघेचना.

खोली रिकामी होती. खिडक्या उघड्या, लादी पुसलेली. फक्त भिंतीच्या कडेने तेल मुरून झालेले काळपट गोल डाग राहिले होते, ते पुसून निघाले नव्हते. विमलाने ते मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

दर्शनाने तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. घर आता वर्षातून आठ दिवस उघडायचं. बाबा रोज दिवा लावायचे, फूल ठेवायचे. आता दिवा कोण लावणार? पूजेतल्या वस्तू, त्यांना डोळे आहेत, त्या अशा अंधारात कोंडून ठेवायला तिचं मन घेईना. विकायचं तर पाप वाटलं. कचऱ्यात टाकणं शक्यच नव्हतं. भटजींना विचारलं, ते म्हणाले, पूजा होणार नसेल आणि काही भंगल्या असतील तर मानाने पाण्यात सोडाव्यात. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी खाडीत होडी चालवणाऱ्या लवूला ठरवलं. प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ दिला. लाकूड बुडेना, म्हणून एकेकाला चिरा बांधावा लागला. खाडीच्या तोंडापलीकडे नेऊन सोडल्या. अगदी रीतसर केलं, असं दर्शना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. ती खोटं रडत नव्हती. विमलाला तिच्यावर रागावता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

दर्शनाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. होडीच्या काठावरून लवू आणि केरू एकेकाला दोन्ही हातांनी धरून सोडत होते, तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना धरतात तसं. विडीवाला गेला. मासेवाली गेली, मान सरळ. शेवटी यमुनाबाई. तिच्या कपाळावर कुंकू होतं, तोंड आकाशाकडे आणि डोळे उघडे. चिरा आधी गेला, दोरी ताणली गेली, मग ती गेली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काकू," दर्शना हळूच म्हणाली. विमलाच्या चेहऱ्यावर काय दिसलं तिला, कोण जाणे.

"होय बाय. विचारलंस तू," विमला म्हणाली.

आणखी काय बोलणार? एकदाच विचारलंस, असं म्हणायचं? जगात बाकी सगळीकडे एकदाच विचारतात. तिने भरलेली बाटली उचलली आणि ती चालत निघाली. रिक्षा करायचं तिला सुचलं नाही. भाट्याच्या पुलावर ती थांबली, पण खाली बघितलं नाही. ते तेल सांधेदुखीवर चांगलं चालतं, वाडीत सगळ्या म्हाताऱ्या चोळतात. घरी येऊन तिने बाटली गंगुबाईला देऊन टाकली.

लवू दुसऱ्या दिवशी आला. त्याला कोणाकडून तरी कळलं होतं की त्या भावल्या विमलाकाकीच्या, आणि त्याने रात्री अन्न घेतलं नव्हतं. पहाटे एकटाच जाऊन त्याने चार-पाच ठिकाणी गळ टाकून बघितले होते, पण काही लागलं नव्हतं. तो पडवीच्या पायरीवर बसला. त्याच्यामागे रिकाम्या बैठकी आणि नवी ताडपत्री. विमलाने त्याला एकच गोष्ट विचारली.

"सोडलात तिथे तळाला चिखल हाय?"

"न्हाय काकी. रेव हाय. पाणी थांबतच न्हाय तिथे."

तिने मान हलवली. चिखल असता तर त्रेचाळीसही जण शंभर वर्षं राहिले असते, बापाने ते तिला शिकवलं होतं. वाहत्या खाऱ्या पाण्यात होड्यांना लागतो तो किडा लाकडात शिरतो, वरून काही दिसत नाही आणि आतून चाळण होते. एखादा पावसाळा, फार तर दोन. आधी नाकं जातील, बोटं जातील. डोळे तिने खोल कोरले होते, ते थोडे जास्त टिकतील.

 मग लवू म्हणाला, खाडीत तिचा ओंडका आहे तो त्याला माहीत आहे, त्याची होडी रोज त्यावरूनच जाते. दोन माणसं घेऊन तो काढून आणून देतो. होईल तसं, होईल तेवढं करावं. एक तरी.

"नको रे," विमला म्हणाली.

लवूने ते मनावर घेतलं नाही. पहिलं होतं. तो म्हणाला की वाकस तो मारील, तिने नुसतं बसून कुठे किती ते सांगायचं, तो रोज संध्याकाळी येईल, वर्ष लागलं तरी चालेल.

"नको."

पडवीत ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती. गंगुबाई दारात येऊन उभी राहिली. लवूने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली बघतच तिसऱ्यांदा विचारलं, "काकी, आणू काय ओंडका?"

विमलाने स्वतःच्या हातांकडे बघितलं, मग भिंतीच्या कडेने लावलेल्या फळ्यांकडे बघितलं. तिने घाई केली नाही.

"नको," ती म्हणाली.

लवू इथलाच. त्याने टोपी घातली, आणि पुन्हा विचारलं नाही.